शंभर टक्क्यांचे काका

सिडकोने नवी मुंबईचे सेक्टर आखताना शाळा, बाजार आणि बगीचा यांसाठी जागा राखून ठेवल्या. संगणककाकांसाठी ठेवली नाही. तरीही नेरूळ ते कोपरखैरणे अशी एकही सोसायटी सापडणे कठीण, जिथे ते नाहीत. काका बहुधा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागातून निवृत्त झालेले असतात. त्यांचे ज्ञान विंडोज ९८ च्या काळात पक्के झाले. त्या काळी रोग दोनच होते, व्हायरस आणि कमी रॅम. औषध एकच, फॉरमॅट.

त्यांना बोलावणे येण्याचा नेहमीचा प्रसंग म्हणजे मुंजीचा व्हिडिओ. भाच्याने तो आयफोनवर फोर-के मध्ये टिपलेला असतो आणि घरात चौथ्या पिढीचा आय-थ्री लॅपटॉप असतो. व्हिडिओ लावताच अक्षता बटूच्या डोक्यावर हवेतच थबकतात, मंगलाष्टके मात्र पुढे निघून जातात. पंखा घोंघावू लागतो. टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसर शंभर टक्के.

हा आकडा काका तांत्रिक मानत नाहीत. तो त्यांना घराच्या वळणाचा प्रश्न वाटतो. पहिली चौकशी माणसांची होते: "वहिनी, पोरांनी काय काय डाउनलोड केलंय?" मग डेस्कटॉपवर उजवे क्लिक करून रिफ्रेश, तेही पाचसहा वेळा. त्यानंतर टेम्प फोल्डर रिकामे होते, एक अँटिव्हायरस जातो आणि दुसरा येतो. शेवटी लॅपटॉप उलटा करून रंगाच्या ब्रशने पंख्याची धूळ काढली जाते. या सगळ्यात खरोखर उपयोगी एवढेच. धुळीने कोंडलेला प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि अडखळणे वाढते. पण मूळ दुखणे धुळीत नसते.

ते असते व्हिडिओच्या बांधणीत. २००३ साली आलेल्या एच.२६४ या पद्धतीचा व्हिडिओ उलगडण्यासाठी या लॅपटॉपच्या चिपमध्ये वेगळे सर्किट आहे. तो चालताना मुख्य प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसतो. आयफोन मात्र २०१७ पासून एचईव्हीसी ही पुढची पद्धत वापरू लागला. तेवढ्याच दर्जाचा व्हिडिओ यात सुमारे निम्म्या जागेत मावतो, पण उलगडायला कष्ट जास्त. इंटेलच्या चिपमध्ये त्याचे पूर्ण सर्किट २०१५ च्या सहाव्या पिढीत आले. साचा नसला की मोदकाची प्रत्येक कळी हातानेच पाडावी लागते, तसे सगळे काम मग प्रोसेसरवर पडते. आणि काम थोडेथोडके नाही. फोर-के च्या एका चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू, सेकंदाला ३० चित्रे, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ २५ कोटी. लॅपटॉपच्या पडद्यावर मावतात जेमतेम साडेदहा लाख. उरलेले निव्वळ फेकण्यासाठी उलगडले जातात.

निदान खरे तर दोन मिनिटांचे आहे. विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये २०१७ पासून जीपीयूचा आलेख दिसतो. प्रोसेसर शंभरावर आणि 'व्हिडिओ डिकोड' शून्यावर असेल, तर सर्किट कामाला लागलेलेच नाही. काका त्या आलेखापर्यंत उतरत नाहीत, कारण तो विंडोज ९८ मध्ये नव्हता.

यूट्यूब अडकत असेल तर ब्राउझरमधले हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे का, हे पाहावे. बऱ्याच घरांत ते बंद सापडते. मागे कधीतरी पडदा काळा पडला होता तेव्हा ते काकांनीच बंद केलेले असते. ते चालू असूनही भागले नाही तर १०८० वरून ४८० वर यावे. हे घरातल्या शाळकरी मुलीने आधीच सुचवलेले असते. तिला तेव्हा अभ्यासाला बसवण्यात आले.

मुंजीच्या व्हिडिओवर उपाय म्हणजे हँडब्रेकसारख्या प्रोग्रॅमने तो एच.२६४ मध्ये, लहान आकारात, पुन्हा तयार करणे. तोही अखेर तीच मुलगी करते. या रूपांतराच्या वेळी प्रोसेसर रात्रभर शंभर टक्क्यांवर राहतो, पण तेव्हा कोणी काकांना उठवत नाही.

सकाळी अक्षता वेळेवर खाली पडतात. काका पैसे घेत नाहीत, पोहे घेतात, आणि दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा संदेश येतो: "बी-विंगमधला प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला. धूळ होती. कोणाला ब्रश हवा असल्यास सांगावे."