खाडी मारण्याची माहुल पद्धत (नवशिक्यांसाठी)

खाडी मारायला अक्कल लागत नाही, चिकाटी लागते. म्हणून नवशिक्यांनी हात खाडीवरच बसवावा.

नदी घेऊ नका. नदीला घाट असतो, देऊळ असतं, दशक्रियेला आलेली माणसं असतात. सतत कुणीतरी बघत असतं. तलाव तर मुळीच नको. तलावाभोवती पहाटे फेऱ्या मारणारे निवृत्त लोक असतात आणि निवृत्त माणसाइतका चिवट प्राणी निसर्गात दुसरा नाही. तो अर्ज करतो. वर पोच मागतो. खाडीमागे असलं लटांबर नसतं. दिवसातून दोनदा ती घर उघडं टाकून स्वतःच निघून जाते. मागे उरतो चिखल, आणि चिखलासोबत सेल्फी कोण काढणार?

खाडी मारण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण माहुलची पद्धत सत्तर वर्षं कसाला लागलेली आहे. ट्रॉम्बेची टेकडी पाठीशी, समोर खाडीपलीकडे शिवडी, आणि मध्ये कोळ्या-आगऱ्यांचं जुनं गाव. चेंबूर स्टेशनबाहेर रिक्षात बसलात की रिक्षावाला विचारतो, “माहुल गाव की माहुलच्या बिल्डिंगा?” त्याला कल्पना नाही, पण अख्खा अभ्यासक्रम त्याने एका प्रश्नात बसवला आहे. आपण गावापासून सुरुवात करू.

१. आधी खाडीचं नाव बदला.

कोळणीला विचारलंत तर ती भलतंच काहीतरी सांगत बसेल. इथे निवट्या मिळतात, तिथे चिंबोऱ्या, पलीकडच्या खडपात कालवं, उधाणाच्या भरतीला डोल जाळं कुठे लावायचं आणि भांगाच्या मंद भरतीला घरी का बसायचं. तिवरांच्या मुळांत कोळंबीची नि बोईटांची पिल्लं वाढतात, म्हणून तिवर तोडायचं नाही, हेही ती ऐकवेल. हे सगळं कानावर पडू देऊ नका. कागदावर एकच शब्द लिहा: ‘पडीक’. फारच लाज वाटली तर ‘दलदल’. ज्या जागेत शेकडो घरं पोट भरतात तिला पडीक म्हणायला पहिल्यांदा जीभ अडखळते. दुसऱ्यांदा नाही अडखळत.

२. गावाबाहेरची जागा शोधा.

१९५४ आणि १९५५ साली इथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने लागोपाठ सुरू झाले. एक स्टॅनव्हॅकचा, एक बर्मा शेलचा. आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम. १९५६ ला टाटांचं वीज केंद्र आलं, साठच्या दशकात खताचा कारखाना. देश नवा होता. तेल, वीज, युरिया हवंच होतं आणि ते कुठेतरी करावंच लागणार होतं. बंदर जवळ, जेट्टी टाकायला पाणी, आणि मुख्य म्हणजे वस्तीबाहेर. इथे नवशिका गोंधळतो. तो म्हणतो, अहो, पण वस्ती तर होती! होती की. ‘गावाबाहेर’ म्हणजे मुंबईबाहेर. माहुल गावाच्या ते उंबऱ्यात होतं, पण उंबरे मोजण्याची पद्धत तेव्हाही नव्हती.

३. सांडपाणी सोडा.

या पायरीला तुम्हाला काहीही करायचं नाही, हेच तिचं सौंदर्य. सकाळी उठा, साखळी ओढा, बाकीचं नाले बघून घेतात. प्रस्तुत लेखकाने ही पायरी आज दोनदा पूर्ण केली आहे.

४. आता पाहुण्यांची वाट बघा.

इथे बहुतेक विद्यार्थी घाबरतात. इतकं करून खाडी मेली नाही तर? घाबरू नका. ती मरत नाही, ती गुलाबी होते.

झालं असं की नाल्यांतून आलेल्या मैल्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर. उथळ पाणी, उघडं ऊन आणि हे फुकटचं खत मिळालं की चिखलावर निळ्या-हिरव्या शेवाळाची साय धरते. औषधाच्या दुकानात ज्या स्पिरुलिनाच्या गोळ्या तुम्ही दामदुप्पट देऊन घेता, त्याच घराण्यातलं हे शेवाळ. हे खायला फ्लेमिंगो येतात. आपल्याकडे त्यांना रोहित म्हणतात, कुणी अग्निपंखही म्हणतं. छोटा रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेचा पंप चालवतो आणि चोचीतल्या जाळीतून पाणी गाळून शेवाळ ठेवून घेतो. मोठा रोहित त्याच चिखलातले किडे नि बारीक झिंगे उपसतो. त्यांचा तो रंगही खाण्यातलाच. पिलू जन्मतं तेव्हा राखाडी असतं. म्हणजे शिवडी-माहुलच्या चिखलावर मे महिन्यात जे गुलाबी कापड पसरलेलं दिसतं, त्याच्या रंगात थोडा तुमचाही वाटा आहे. पायरी तीन आठवा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून हे थवे इथे नेमाने यायला लागले. पावसाळा संपला की कच्छच्या रणाकडून येतात, मेअखेर परततात, आणि एखाद्या मोसमात ठाणे खाडीभर मिळून संख्या लाखाच्या वर जाते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे लोक चिखलात उभे राहून मोजतात.

आता काळजीपूर्वक वाचा, कारण खरं कसब इथे आहे. पक्षी आले की ताबडतोब श्रेय घ्या. सांडपाणी ‘परिसंस्था’ होऊन जातं. २०१५ साली ठाणे खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. चांगलं झालं, खोटं कशाला बोला. पण नवशिक्याने यातून एवढंच शिकायचं, की अभयारण्याची हद्द नकाशावर असते आणि फ्लेमिंगोला नकाशा वाचता येत नाही. भरतीला चिखल बुडाला की तो उडून दुसऱ्या पाणथळीवर जाऊन उभा राहतो. नेरूळच्या तलावावर, उरणकडे. तिथे त्याला गाठा. एका शहराने स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून चौकाचौकांत त्याचे पुतळे बसवले, आणि त्याच शहरात नेरूळच्या तलावाला भरतीचं पाणी पोचवणारी वाट बुजली. २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मेले. पुतळ्यांचं बरं असतं. त्यांना भरती लागत नाही.

त्याच वर्षी २० मेच्या रात्री दुबईहून येणाऱ्या विमानाला घाटकोपरच्या पंतनगरवर थव्याची धडक बसली. विमान सुखरूप उतरलं. सुमारे ४० फ्लेमिंगो गच्च्यांवर आणि गल्ल्यांत पडले. रात्री ते का उडाले, यावर तज्ज्ञ वाद घालत राहिले. तुम्ही तज्ज्ञ नाही. तुम्ही फक्त हळहळ व्यक्त करा आणि स्टेटस ठेवा. गुलाबी हृदय मिळतं त्यासाठी.

५. पक्ष्यांसाठी आवाजाची भिंत बांधा.

शिवडीहून न्हावा शेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तो चिखलावरून जातो तिथे पाखरांना गाड्यांचा त्रास नको म्हणून ध्वनिरोधक लावले आहेत. हे योग्यच. फक्त पूल उतरून कुणी विचारलं की हाच न्याय पलीकडच्या माणसांना का नाही, तर खिडकीची काच वर करा.

६. नाक तयार करा.

माहुलला राहणाऱ्याला वास ओळखता यायला हवेत. कुठला रॉकेलचा, कुठला रसायनाचा, कुठला नुसताच नाल्याचा. सुरुवातीला डोकं दुखेल. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये माहुल आणि आंबापाडा भागात पाहणी केली तेव्हा ६७.१ टक्के लोकांनी सांगितलं, महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते. ८४.५ टक्क्यांच्या छातीत कोंडल्यासारखं होत होतं, ८६.६ टक्क्यांचे डोळे चुरचुरत होते. काळजी करू नका, तुम्ही बहुमतात आहात. चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणायचा विनोद इथे कुणालाही ऐकवू नका. त्यांनी तो आजोबांकडून ऐकलेला आहे.

गावातल्या काही हट्टी लोकांनी नाकावर विश्वास ठेवून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात धाव घेतली. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधिकरणाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई बसवली: एजिस लॉजिस्टिक्सवर १४२ कोटी, हिंदुस्थान पेट्रोलियमवर ७६.५, भारत पेट्रोलियमवर ६७.५ आणि सी लॉर्ड कंटेनर्सवर २० लाख. नवशिक्यांना हा आकडा पाहून धडकी भरते. दम धरा. हवा बिघडायला लागली पन्नासच्या दशकात, हिशोब झाला २०२० मध्ये. एवढी उधारी तुमचा वाणी देतो का?

७. तिवर तोडू नका.

होय, नीट वाचलंत. २००५ पासून उच्च न्यायालयाची तिवरांच्या तोडीवर करडी नजर आहे, २०१८ च्या निकालाने तर भोवतीची ५० मीटर जागाही मोकळी सोडायला सांगितली. कोयता दिसला की गुन्हा. त्यामुळे तिवराला हात न लावता फक्त त्याच्या पाण्याच्या वाटेवर डेब्रिजचे दोन डंपर रिकामे करा. रात्री. भरती आत आली नाही की तिवर उभं वाळतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी ती जागा पुन्हा पडीक होते. पायरी एक पाहा.

८. एखादा अपघात होऊ द्या.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली. कंटेनर तरंगले, शेकडो टन तेल सांडलं, किनाऱ्यावरची तिवरं काळी झाली. बाजारात लोक पापलेटाचाही वास घेऊन बघायला लागले. कोळ्यांचं म्हणणं, आमच्या जाळ्यात तेलाचा वास वर्षभर असतो, तुम्हाला आज आला. हे म्हणणं टीव्हीवर दाखवायला फार लांबतं.

९. आता बिल्डिंगा.

रिक्षावाल्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पद्धतीचा कळसही हाच. इतकी वर्षं खपून जागा अशी करून ठेवलीत की तिथे कुणी राहू नये. आता तिथे माणसं आणा.

माहुलला प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारती आहेत, १७,२०५ घरं. २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडून हजारो कुटुंबांना इथे पाठवण्यात आलं. मुद्दा समजून घ्या, कारण असा योग कुठल्या पुस्तकात सापडणार नाही: तानसा तलावाचं स्वच्छ पाणी शहराच्या नळाला सुरक्षित पोचावं म्हणून त्या पाण्याशेजारची माणसं उचलून तेलाच्या टाक्यांशेजारी ठेवायची. तलाव वाचला, नळ वाचला. शाळा, दवाखाना, कामाची जागा मागे राहिली. घरकामाला जाणाऱ्या बायकांना रोजच्या बसभाड्याचा हिशोब बसेना. ८ ऑगस्ट २०१८ ला शेजारच्या रिफायनरीत स्फोट झाला तेव्हा खिडक्यांनी नव्या रहिवाशांना परिसराची ओळख करून दिली.

माणसं कटकट करणार, हे धरून चाला. फ्लेमिंगो कधी बोलले? त्या ऑक्टोबरात लोकांनी थेट विद्याविहारच्या रस्त्यावर बस्तान मांडलं आणि ते तिथेच राहिले. पावसातही. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, लोकांना माहुलला जायची सक्ती करता येणार नाही. दुसरं घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० अनामत द्या. न्यायालयाच्या भाषेत हवा वाईट आहे असं लिहिलं गेलं की घरं रिकामी राहतात, हा या पायरीतला ज्ञात धोका. त्यावर उपाय २०२५ मध्ये निघाला: महापालिकेने यातली हजारो घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली. मुंबईत बारा लाखांत घर! रांग लागायला हवी होती. कर्मचाऱ्यांनी जाहिरात वाचली, पत्ता वाचला आणि घडी घालून ठेवली.

१०. पावसाळ्याची तयारी.

जून लागेपर्यंत फ्लेमिंगो निघून गेलेले असतात. त्यांना निरोप देऊन झाला की किंग्ज सर्कल, गांधी मार्केट, सायन, चुनाभट्टी या सखल भागांकडे लक्ष द्या. तिथलं पावसाचं पाणी माहुलच्या खाडीतून समुद्रात जातं. भरती असली की ते जात नाही, उलट परत येतं. म्हणून मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने माहुलसह आठ ठिकाणी पंप बसवायला सांगितलं. हाजीअलीचा झाला, इर्ल्याचा झाला, लव्हग्रोव्ह, क्लिव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध असे एकेक करत सहा झाले. माहुलचं घोडं जागेपाशी अडलं. कधी मिठागराची जमीन, कधी सागरी नियमांचा पट्टा, कधी तिवरं. इतकी पडीक जागा वापरून झाल्यावर पाणी उपसायला नेमकी जागा सापडत नव्हती.

तेव्हा तळमजल्यावर राहत असाल तर गाद्या वरच्या फळीवर टाका. मिक्सर, गॅसची शेगडी आणि रेशनकार्ड पिशवीत बांधून खिळ्याला अडकवा. भरतीचं वेळापत्रक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. बाहेरच्या बाजूला लावलंत तर पहिलं तेच भिजतं.