गोठ्यातली एट हंड्रेड

मारुती ८०० कुणी जपून ठेवली नाही, याचा दोष तिच्या गुणांकडेच जातो. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली दिली, १८ जानेवारी २०१४ रोजी शेवटची गाडी बनली आणि मधल्या तीस वर्षांत २८ लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. एवढ्या संख्येनं असलेल्या वस्तूची काळजी कोण करतो? संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसला पहिल्या दिवसापासून मोटारखाना होता, पगारी ड्रायव्हर होता, पुसायला वेगळा माणूस होता. ती टिकली यात नवल काय! एट हंड्रेड पुसायला रविवारी घरातलं धाकटं पोर आणि फाटकं बनियन. पुढं त्याच पोराला ती शिकायला दिली, मग मेहुण्याला विकली, मेहुण्यानं गॅसकिट बसवून आणखी पिळली, आणि शेवटी भंगारवाल्यानं किलोवर नेली. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला ऑक्टोबर २०२३मध्ये निरोप मिळाला तेव्हा कॅमेरे तरी होते. एट हंड्रेड एकेक करून, कुणाला पत्ता न लागता चालली आहे. तरीही उद्याच्या संग्राहकाला ती मिळेल, आणि पुण्याच्या एसी गॅरेजांपेक्षा भोर-वेल्ह्याच्या गोठ्यांतच मिळेल, असं माझं म्हणणं आहे.

याचं कारण कायद्यात आहे. खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांचं. पुढं दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करायचं. मोटारीची ही फी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२पासून ५,००० झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५मध्ये १०,००० झाली. दुसऱ्या टोकाला जुलै २०२१चा केंद्राचा नियम: गाडी ५० वर्षांची झाली की ती व्हिंटेज, आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची मानाची नंबरप्लेट. म्हणजे पंधरा वर्षं गाडी ही गाडी असते, पन्नाशीनंतर ती वारसा होते, आणि मधली ३५ वर्षं नुसती अडचण. या काळात तिला किंमत भंगाराची आणि खर्च मात्र धडधाकट गाडीचा. पुण्यात हा काळ काढणं कठीण, कारण सोसायटीच्या वार्षिक सभेत जे दोन-तीन ठराव एकमतानं मंजूर होतात त्यांत ‘बंद वाहने हटवणे’ हा एक असतो. भोर-वेल्ह्यात जागेला तोटा नाही आणि वस्तू टाकायची घाई त्याहून नाही. ‘असू दे, लागंल कधीतरी’ या चार शब्दांवर इथल्या माळ्यांवर तांब्याचे बंब, कंदील आणि मर्फीचे रेडिओ टिकून आहेत. शिवाय ज्यांना दारातून तोरणा आणि राजगड दिसतात, ते चाळीस वर्षांच्या मोटारीला जुनी म्हणायला सहजी तयार होत नाहीत. (वेल्हे तालुकाही आता राजगड झाला, एट हंड्रेडच्या आरसी बुकावर मात्र मुक्काम पोस्ट वेल्हेच राहणार.)

अशी गाडी जवळून बघण्यासारखी असते. वर सिमेंटचे पत्रे, खाली चाकांना दगड. मागची सीट काढून तिथं इंद्रायणीची पोती. ॲशट्रेत खिळे, एक फ्यूज आणि बैलाच्या घंटेचा सुटलेला लोळा. चोकची कळ ओढलेल्या जागीच कायमची अडकलेली. बारा इंची चाकं जमिनीला टेकलेली. एक काच अर्धी उघडी, कोंबडीला जाण्यायेण्यापुरती. फ्रान्सची सिट्रोएन टू-सीव्ही आखताना अट अशी होती म्हणे, की शेतकऱ्यानं अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या रानातून गाडी नेली तरी एकही अंडं फुटता कामा नये. ती गाडी १९४८पासून १९९०पर्यंत बनली आणि आज शौकीन तिला डोक्यावर घेतात. वेल्ह्यानं त्या अटीच्या पुढं मजल मारली आहे: अंडी गाडीतच घातली जात असल्यानं नेण्याचा प्रश्नच उरत नाही.

जाणकार इथं पावसाची हरकत घेतील. राजस्थानात लोखंड टिकतं. वेल्ह्यात जूननंतर भिंतींनासुद्धा ओल चढते, आणि साडेसहाशे किलोंच्या आसपासच्या गाडीचा पत्रा जाड असून असून किती असणार? रबरी मॅट उचलली की फ्लोअरमधून खालची जमीन दिसते. मग मेस्त्री तिथं पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून देतो, वर काळं डांबरी लेपन फासतो. आणि व्हिंटेजच्या नियमाला तर बॉडी, चासी किंवा इंजिनात मोठा फेरफार मंजूर नाही. हरकत खरी आहे, पण तिचा मोठा भाग चालत्या गाडीला लागू पडतो. पाबे घाटातला चिखल चाकांनी उडून पोटाला चिकटतो आणि तिथं ओल धरून बसतो. छपराखाली, पेंढ्याशेजारी उभ्या असलेल्या गाडीला हा ताप कमी. तिचा खरा वैरी उंदीर, त्याचा डोळा वायरिंगवर. पण पिलांच्या वासानं मांजर आधीच येऊन बसलेलं असतं. सुट्या भागांचीही फार चिंता नको, कारण तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन थोड्याफार फरकानं ओम्नीत आणि अल्टोतही होतं. आणि समजा, दहांतल्या नऊ कुजल्या, तरी दहावीचा भाव त्या नवांच्या कुजण्यानंच चढतो. संग्रहाचा धंदा असा निर्दय आहे.

याहून बोचरी हरकत म्हणजे, घेणार कोण? जिला रूप नाही, वेग नाही, खानदान नाही, अशा गाडीला? तर पूर्व जर्मनीची ट्राबांट आठवावी. १९८९ला बर्लिनची भिंत पडल्यावर लोकांनी ती बेवारशी रस्त्यात सोडली, आणि आज पर्यटक पैसे मोजून तिच्यातून बर्लिन बघतात. इंग्लंडात २०१४पासून खास सामान्य गाड्यांचा मेळा भरतो, परीक्षक नेमून. भोरला तर गिऱ्हाईक पायानं चालत येतं, कारण राजवाड्यात आणि नीरेच्या काठानं शूटिंगची ये-जा कायम असते. आज पेशवाई चालू आहे, उद्या १९९०चं दशक येईल, आणि तेव्हा डॉक्टरांच्या दारात एसयूव्ही उभी करून भागणार नाही. घोडा भाड्यानं मिळतो. चोक असलेली एट हंड्रेड शोधत फिरावं लागेल. नॅनोचंही तेच. २००८ला दाखवली, २००९ला लोकांच्या हाती आली आणि दहा वर्षांच्या आत आटोपली. लोकांना स्वस्त गाडी हवी असते, फक्त तिच्यातून उतरताना कुणी बघायला नको असतं. ‘लाखाची गाडी’ म्हणून चौघांत जिची लाज वाटली, तिच्यासाठी संग्राहक तेवढ्याच कारणानं भांडतील. ज्याच्या गोठ्यात अजून एक कोपरा मोकळा आहे त्यानं नॅनोवर नजर ठेवावी.

एक अडचण मात्र मोठी आहे, आणि ती पन्नाशी गाठल्यावर सुरू होते. पहिल्या एट हंड्रेड डिसेंबर २०३३मध्ये व्हिंटेज होतील, आणि व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. मुभा आहे ती प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला. जी गाडी वापरासाठीच घेतली आणि वापरून टिकली, तिला वापराचीच बंदी. पण वेल्ह्याचा शेतकरी नियम नीट वाचणारा आहे. पेट्रोल कुठल्या पंपावर भरायचं हे त्यात लिहिलेलं नाही. तेव्हा तो ते हायवेच्या पंपावर भरायला जाईल, नसरापूरचा बाजार वाटेतच लागतो, आणि मागच्या सीटच्या जागी पोती कसली, असं कुणी विचारलंच तर तांत्रिक संशोधन चालू आहे.