दुरडी

मी वर्ध्याचा. म्हणजे जिथे १९३७ साली हातकामातून शिक्षण देणारी नई तालीम जन्माला आली आणि १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ग्रामोद्योगांचं मगन संग्रहालय उघडलं, त्या गावचा. एवढं सगळं आजूबाजूला असून शाळेत माझ्या टकळीचं सूत इतक्यांदा तुटायचं, की शेवटी गुरुजींनी मला इतरांना पेळू वाटायच्या कामावर नेमलं.

निवृत्तीनंतर ही म्हणाली, "अहो, हाताला काही काम बघा." तिला भाजी निवडणं अपेक्षित होतं. मला एकदम मेळघाट आठवला. लवाद्याच्या बांबू केंद्राबद्दल आणि तिथल्या बांबूच्या राख्यांबद्दल ऐकून होतो. मी कॉलनीभर जाहीर केलं, शेजारच्या काकूंची सुपाची आणि मेहुणीची फुलांच्या परडीची ऑर्डर घेतली, हिला पोळ्यांसाठी दुरडी कबूल केली आणि एसटीत बसलो.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. परतवाडा सोडल्यावर वळणं सुरू झाली आणि सेमाडोह यायच्या आत तो मेळ माझ्या पोटात भरला. कंडक्टरने खिडकीची जागा दिली, मागच्या बाईंनी लिंबू दिलं, पुढच्या पोराने आपली टोपी लांब नेली.

लवाद्याजवळच्या एका गावात एका कोरकू आजींच्या अंगणात माझी शाळा भरली. आजींनी बांबूच्या तोंडाशी कोयत्याचा एक हलका घाव घातला, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि दोन्ही हातांनी नुसतं उकलत नेलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, सरळ कामटी निघाली. मी तसंच केलं. माझी कामटी वीतभर चालली, मग तिने वळण घेतलं आणि माझ्या अंगठ्यात शिरली. बांबू हे झाड नसून गवत आहे, हे मला ठाऊक होतं. २०१७ साली तर वन कायद्यानेही त्याला झाडांतून वगळलं. म्हणजे मला गवत कापलं.

आजी हसून काहीतरी म्हणाल्या. कोरकू ही संथालीच्या गोतातली मुंडा भाषा, मराठीशी तिचं नातं नाही, त्यामुळे मला ते कौतुक वाटलं आणि मी दोनदा वाकून नमस्कार केला. मग नातवाने मराठी करून सांगितलं, "आजी विचारते, घरी तुम्हाला कोण जेवू घालतं?"

तीन दिवस पट्टी बांधलेल्या अंगठ्याने मी विणत होतो. आजी अधूनमधून येऊन माझं विणलेलं मुकाट्याने उसवून जात. शेवटी दुरडी झाली. गोल म्हणून सुरू केली होती, पण तिने आपला आकार आपण ठरवला. नातवाने मोठ्या आदराने विचारलं, "कोंबडी झाकायचं डालं का?"

घरी हिने ती उजेडाकडे धरली. तिच्यातून शेजारच्या काकू स्पष्ट दिसत होत्या, सुपाची वाट बघत. पोळ्या स्टीलच्या डब्यातच राहिल्या आणि दुरडी बाल्कनीत गेली.

आठवड्याने तिच्यात एका कबुतराने संसार मांडला. मला भरून आलं. हिला बोलावून म्हटलं, "बघ, कोणाला तरी माझं काम पसंत पडलं!"

हिने वाकून पाहिलं. आत चार वाकड्या काड्या, एक केरसुणीचा हीर आणि काठावर कसंबसं टेकलेलं अंडं.

"पडणारच," ती म्हणाली. "तुमच्याच हाताचं आहे ते."