उलटसुलट पाटी

स्टेशनची पाटी कोणी वाचत बसत नाही. गाडी कुठे आली एवढं कळलं की झालं. बिरोबिजानच्या पाटीपुढे मात्र नजर जरा घुटमळते. मॉस्कोपासून आठ हजार किलोमीटरहून लांब, ट्रान्स-सायबेरियन मार्गावरचं, चीनच्या सरहद्दीकडचं हे स्टेशन. नाव दोन लिप्यांत लिहिलेलं. रशियन अक्षरं डावीकडून चालत येतात, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेची उजवीकडून. मधे कुठेतरी त्यांची गाठ पडत असावी.

इथे पूर्वी तिखोनकाया नावाचं आडबाजूचं स्टेशन होतं. १९२८ मध्ये सोव्हिएत सरकारने ठरवलं की ज्यूंनी इथे यावं आणि शेती करावी. सीमेवर वस्ती हवी होती, ज्यूंना मातीत रुजवायचं होतं, आणि पॅलेस्टाइनचं आकर्षणही कमी करायचं होतं. एका दगडात तीन पक्षी! युक्रेन-बेलारूसमधले शिंपी, चांभार, दुकानदार सामानसुमान बांधून गाडीत बसले. सरकारच्या हिशोबात जमीन होती, माणसं होती, रेल्वे होती. दलदल आणि डास तेवढे धरायचे राहिले. पहिल्या काही वर्षांत आले त्यांतले निम्म्याहून जास्त परतले. रेल्वेचं हेच वाईट, ती दोन्हीकडे जाते.

कागद मात्र भरभरून वाढत होता. बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे माजी संचालक हान्नेस मेयर नगररचनेच्या कामाला लागले. १९३० पासून 'बिरोबिजानर श्टेर्न' हे यिद्दिश वर्तमानपत्र निघू लागलं. १९३४ मध्ये ज्यू स्वायत्त प्रांत जाहीर झाला, यिद्दिश लेखक शोलेम अलेइखेम यांच्या नावाचा रस्ता झाला. भाषा यिद्दिश चालेल, देवाधर्माचं मात्र काही नको, असा सरकारी बेत. म्हणजे ताट वाढायचं, पण चित्राहुती घालायची नाही.

१९३६ मध्ये स्टालिनचे मंत्री कागानोविच इथे आले. स्थानिक पक्षप्रमुखांच्या घरी त्यांना गेफिल्टे फिश हे माशाचं ज्यू पक्वान्न वाढलं गेलं आणि ते त्यांना आवडलंही. पुढे ते पक्षप्रमुख अटकेत गेले. त्यांच्या बायकोवर म्हणे त्याच माशातून विषप्रयोग केल्याचा आळ आला. पाहुण्याने 'वा!' म्हटल्यावर यजमानाने निर्धास्त व्हावं, ही आपली समजूत बहुधा लोकशाहीतली असावी.

आता प्रांताची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. त्यात ज्यू एक टक्काही नाहीत. पण स्टेशनसमोरच्या चौकात मेनोराचं, म्हणजे ज्यूंच्या दीपवृक्षाचं, कारंजं आहे आणि घोडागाडीवर बसलेलं एक स्थलांतरित कुटुंब पुतळ्यात थांबलेलं आहे. 'श्टेर्न' बहुतांशी रशियनमध्ये निघतो, तरी यिद्दिश मजकूर त्याने सोडलेला नाही. हे सगळं नुसतं देखाव्यासाठी आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. वारसदार नसलेलं घर शेजाऱ्यांनी झाडूनपुसून ठेवावं, तशातलं ते वाटतं.

मला फार कौतुक ते स्टेशनच्या घड्याळाचं. २०१८ पर्यंत रशियन रेल्वेचा सारा कारभार मॉस्कोच्या वेळेवर चाले. बिरोबिजान मॉस्कोच्या सात तास पुढे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सूर्य मावळला, की ज्यूंचा शब्बाथ सुरू, कामधंदा बंद. आणि स्टेशनवर वाजलेले असत सकाळचे अकरा. एखादा धार्मिक हमाल तेव्हा इथे असलाच, तर त्याने बोजा खाली ठेवायचा तो कोणत्या घड्याळाकडे बघून?