या म्हणता, तर खिडकी उघडा

ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्त्स दिल्लीत आले. कुशल भारतीयांचे वर्षाला २० हजार व्हिसा ९० हजारांपर्यंत नेऊ, असं त्यांच्या सरकारने जाहीर केलं. स्वागत आहे. देशाला माणसं हवीत हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं, हेही बरं झालं. पण एक प्रश्न विचारतो. या नव्वद हजारांचे परवाने पुढे वाढवून कोण देणार? जे आधीच इथे जर्मनीत राहतायत, कर भरतायत, त्यांचीच कामं महिनोन्‌महिने अडलेली आहेत.

निवास परवान्याची मुदत संपत आली की परदेशी नागरिक कार्यालयाची ‘टर्मीन’, म्हणजे भेटीची वेळ लागते. संकेतस्थळ उघडा, वेळ शिल्लक नाही. ईमेल करा, यंत्राची पोच येते, माणसाचं उत्तर येत नाही. फोन वाजून वाजून बंद होतो. मोठ्या शहरांत या वेळा आधीच पकडून ठेवणारे आणि पैसे घेऊन विकणारे दलाल निपजलेत. फुकट मिळायला हवी ती वेळ नवा विद्यार्थी पैसे मोजून घेतो, कारण परवाना गेला तर अर्धवेळ नोकरी जाते आणि पाठोपाठ भाडंही थकतं.

खिडकीपलीकडे बसलेल्या बाईंवर माझा राग नाही. २०२२नंतर युक्रेनमधून दहा लाखांहून जास्त माणसं या देशात आली, त्यांचे कागदही याच टेबलांवरून गेले. माणसं कमी, फायली जास्त, हे दिसतंच. राग आहे तो टेबलं न वाढवता आमंत्रणं वाढवणाऱ्यांवर.

मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो आणि तसा दाखला मिळतो. नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, शुल्क १३ युरो. हिरवट रंगाचा घडीचा कागद. आत तीन चौकोन छापलेले, आणि त्यांतल्या एकावर फुली. तिसऱ्या चौकोनावर फुली असेल तर तुम्ही भारतात जाऊन परत येऊ शकता. पहिल्या दोनपैकी एकावर असेल तर गेलात की परतीसाठी नवा व्हिसा. साताऱ्याला वडील दवाखान्यात असलेला माणूस या कागदावर आधी काय बघतो? फुली बघतो. ती योग्य जागी असली तरी मुंबईच्या विमानतळावर चेक-इनच्या मुलाला तो कागद ठाऊक नसतो. तो वरिष्ठांना बोलावतो, ते आणखी कुणाला फोन लावतात, आणि मागची रांग तुमच्याकडे चोरट्याकडे बघावं तशी बघत राहते.

हा दाखलासुद्धा टर्मीनशिवाय हातात पडत नाही, अशी कार्यालयं आहेत. मग कायद्याने तुम्ही निर्धास्त आणि व्यवहारात तुमच्याकडे काहीच नाही. कंपनीचा मनुष्यबळ विभाग दर आठवड्याला विचारतो. घरमालक विचारतो. बँकेचं पत्र येतं.

आता दुसरी बाजू बघा. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. नोंदवला की थोड्याच दिवसांत सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. दरमहा १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. वर्गणीवाल्यांना पत्ता कुणी कळवला? पालिकेनेच, तशी तरतूदच आहे. वर्गणीबद्दल माझी तक्रार नाही, बातम्या चांगल्या देतात. तक्रार अशी की पैसे घ्यायचे असतात तेव्हा एका कार्यालयाची माहिती दुसऱ्याकडे आपसूक पोचते. परवाना द्यायचा असतो तेव्हा तीच पत्त्याची नोंद मला त्याच पालिकेकडून कागदावर छापून आणायला सांगितली जाते, तीही परवान्याचं कार्यालय त्याच इमारतीत, दोन मजले वर असताना. हे तंत्रज्ञानामुळे अडलेलं नाही. माझा वेळ कुणाच्या हिशेबातच धरलेला नाही.

आणि हे सगळं टपालाने. कर क्रमांक टपालाने, बँकेचा पिन टपालाने, परवान्याच्या कार्डाचा पिनही टपालानेच. इमारतीत फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो. एखादी मुलगी कुणाच्या घरात खोली घेऊन राहिली आणि घरमालकाने पेटीवर तिचं नाव लावायचं टाळलं, तर तिची सगळी पत्रं परत जातात. पत्र परत गेलं हे तिला कळवायलाही पत्रच येणार. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: बॅगा उघडायच्या आधी पेटीवर नाव चिकटव.

हे मराठी वाचकांपुढे मांडण्याचं कारण आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, बस आणि ट्रकचे चालक, अशी लांबलचक यादी होती. भाषेचे वर्ग, प्रशिक्षण यावर भरपूर बोलणं झालं. पण त्या चालकाला कुणी सांगितलं का, की भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं आणि मग लेखी व प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा इथल्या द्याव्या लागतात? मुंबई आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमधलं श्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी शहरं आहेत. इतक्या जुन्या ओळखीत एवढं स्पष्ट विचारता यायला हवं.

तेव्हा आपले मंत्री पुढच्या बैठकीला जातील तेव्हा त्यांनी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन पोचला की दाखला टर्मीनशिवाय, योग्य चौकोनावर फुली मारून, ठरलेल्या दिवसांत घरी यावा. आणि आपल्या राज्यातून गेलेल्या मुलांसाठी तिथल्या कार्यालयात एक माणूस नेमलेला असावा, ज्याचा फोन लागतो.