दोन हजारांत टेंडरलॉइन

कोथरूडहून कोरेगाव पार्कला जाणं हा कोथरूडकरांच्या लेखी परगावचाच प्रवास. वाटेत नदी लागते, पुढे झाडं मोठी होत जातात, पाट्यांवरचं मराठी बारीक होत जातं आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर येतात. एका जोडप्याने हा प्रवास शनिवारी केला. लग्नाचा वाढदिवस खरं तर गुरुवारी होता. पण पुणे मेट्रोच्या तिकिटावर 30 टक्के सवलत शनिवार-रविवारी मिळते, आणि प्रेम काय, दोन दिवस थांबू शकतं.

बजेट दोन हजार. बेत स्टेकचा. सुचवलं बाईंनी, आकडा यजमानांनी ठरवला.

वनाझहून निघालेली गाडी नळ स्टॉप, डेक्कन करत जिल्हा न्यायालय स्थानकात शिरली आणि यजमानांना नेमकी तिथेच शंका आली. ‘‘अगं, पण हे कायद्यात बसतं ना?’’ प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला 1976च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च 2015पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा मात्र बाहेर राहिले. तेव्हा पुण्यातल्या स्टेकहाउसच्या भिंतीवर टेक्सासचे काउबॉय टांगलेले असोत की अर्जेंटिनाची कुरणं, ताटात येण्याची शक्यता रेड्याचीच. मेनू कार्डावर तो ‘टेंडरलॉइन’ असतो, वेटरच्या तोंडी ‘बफ’ आणि कॅम्पातल्या खाटकाकडे ‘अंडरकट’. पैठणच्या रेड्याची गोष्ट यजमानांना आठवली, पण तोवर बंडगार्डन आलं होतं आणि तिकिटाचे पैसेही खर्च झाले होते.

स्टेकहाउसचा दरवाजा दुसऱ्याने उघडून धरला की मध्यमवर्गीय माणसाला तिथेच पैसे द्यावेसे वाटतात. आतला उजेड इतका मंद की कार्डावरचे पदार्थ दिसावेत, किमती दिसू नयेत. यजमानांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि कार्ड उर्दूसारखं उजवीकडून डावीकडे वाचायला घेतलं.

‘‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’’ वेटरने विचारलं.

‘‘साधं,’’ दोघंही एका सुरात म्हणाली. वाढदिवसाच्या दिवशी (दोन दिवसांनी का होईना) इतकं एकमत झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. हा सावधपणा योग्यच. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे हॉटेलांना घेता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017मध्ये दिला आहे. त्यामुळे ‘एमआरपी बघा’ हा किराणा दुकानात चालणारा दम इथे चालत नाही.

खरा पेच पुढे होता. स्टेक किती शिजवायचा? यजमानांच्या घराण्यात अंड्याचा पिवळा बलकसुद्धा कधी पातळ राहिलेला नाही. त्यांनी जोरात ‘वेल डन’ सांगितलं. बाईंनी कार्डावर बोट ठेवलं : 200 ग्रॅम. हे वजन कच्च्या मांसाचं असतं. तव्यावर ते जितका वेळ राहील तितकं त्यातलं पाणी आणि चरबी निघून जाते. पार शिजवलं की तिसरा हिस्साही गायब होऊ शकतो. ‘‘म्हणजे साडेनऊशे रुपयांतले तीनशे वाफेवर?’’ यजमानांनी तत्क्षणी ‘मीडियम’ केलं. चवीसाठी जे युरोपने केलं ते कोथरूडने हिशेबापोटी केलं, आणि निर्णय बरोबरच ठरला. अंडरकट हा कण्याच्या आतल्या बाजूचा, फारसे कष्ट न करणारा स्नायू. म्हणून मऊ. पण चरबी कमी, त्यामुळे जास्त शिजवला तर कोरडा ठक्क. कापल्यावर येणारा गुलाबी रस पाहून यजमान दचकले, पण ते रक्त नसतं. स्नायूतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा तो रंग. बाईंनी हे सांगेपर्यंत त्यांनी अर्धा तुकडा संपवला होता.

स्टेकशेजारी बटाट्याचा लगदा आणि चार घेवड्याच्या शेंगा. एवढ्या मोठ्या ताटात एवढी रिकामी जागा पाहून चपाती मागायची यजमानांची इच्छा बाईंनी टेबलाखालून पायानेच दाबली.

खरं सांगायचं तर या दुखण्यावर पुण्याकडे जुना उतारा आहे : सिझलर. 1963च्या सुमारास फिरोज एराणी यांनी तो मुंबईत रुजवला आणि त्याच घराण्यातलं ‘द प्लेस : तुशे द सिझलर’ पुण्यात कॅम्पातल्या मोलेदिना रोडवर आलं. लाकडी पाटावर तापलेली लोखंडी थाळी, खाली कोबीची पानं, वर मांस, भाज्या, फ्राइज, भात किंवा नूडल्स. रिकामी जागा औषधालाही नाही. शिवाय धूर आणि चुरचुराट असा की आपण काहीतरी मागवलंय हे अख्ख्या हॉटेलला कळतं. स्टेकहाउसातल्या शांततेपेक्षा या आवाजाला पैसे कमी लागतात, आणि एका थाळीत दोघांचं भागतं. पोट भरायला निघालेल्याने तिकडेच जावं.

पण आज बेत स्टेकचा होता, आणि बिल आलं. एक स्टेक 950, एक ग्रिल्ड चिकन 650, एक लाइम सोडा (दोन स्ट्रॉ) 200. बेरीज 1,800. त्याखाली सेवा शुल्क 10 टक्के म्हणजे 180. मग 5 टक्के जीएसटी, तोही सेवा शुल्कासकटच्या रकमेवर : 99. एकूण 2,079. बजेट 79 रुपयांनी फुटलं. यजमानांचा चेहरा पहिल्यांदाच वेल डन झाला.

बाईंनी शांतपणे सेवा शुल्क काढायला सांगितलं. मॅनेजर आले, हसले, आत गेले. नवं बिल 1,890 रुपयांचं. उरलेल्या 110 रुपयांतले 100 बाईंनी वेटरच्या हातात दिले, कारण त्याने तीनदा साधं पाणी भरलं होतं.

वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात सेवा शुल्क लावू नये, ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022ची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी उचलून धरली आहेत. जीएसटी मात्र भरावाच लागतो, तिथे वाद घालू नये. सेवा शुल्क काढायला नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.