दिवाळीनंतरच्या वस्तू आणि त्यांचे कुटुंब

चाकणजवळच्या महाळुंगे इंगळे व आसपासच्या, गाड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या वस्त्यांत नव्या वस्तूंचा हंगाम दिवाळीत येतो. नाताळ येथे फक्त ऑफिसातल्यांना कळतो. जर्मनीतल्या मूळ कंपनीतून ‘मी सुट्टीवर आहे’ अशी आपोआप उत्तरे येऊ लागली की तो आला असे समजावे. दिवाळीच्या हंगामाला मात्र कायद्याचा आधार आहे. १९६५ च्या बोनस कायद्याने हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस देण्याचे बंधन घातले. मार्चअखेरीपासून आठ महिने मोजले की नोव्हेंबरअखेर येते, आणि लक्ष्मीपूजन त्याच्या अलीकडेच पडते. किमान दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. पण त्या कायद्यात हिशेबाला पगार धरला जाई तो महिना सात हजार किंवा किमान वेतन, यांत जे जास्त असेल तेवढाच. तेरावा महिना मिळतो खरा, फक्त तो इतर बारांपेक्षा अंगाने बारीक असतो.

बोनसच्या मागोमाग ‘गिफ्ट’ येते. परमनंट कामगाराला एअर फ्रायर, मिक्सर किंवा ट्रॉली बॅग, ट्रेनीला कुकर आणि कंत्राटी कामगाराला सोनपापडी, अशी तिची साधारण प्रतवारी असते. हे तिघेही एकाच लाइनवर एकच गाडी जोडत असल्याने एरवी ओळखू येत नाहीत. ती सोय गेटबाहेर पडताना हातातल्या पिशवीच्या आकाराने होते.

उरलेल्या वस्तू कुटुंब स्वतः विकत घेते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. खोली मात्र दहा बाय दहाचीच राहिली. त्यामुळे ४३ इंची पडद्यावर क्रिकेट पाहताना गोलंदाजाकडून फलंदाजाकडे मान वळवावी लागते, आणि मानेचा आपोआप व्यायाम होतो. खरेदी ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर होते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. दुकानात ती असते. व्याज तेथे प्रोसेसिंग फी हे सासरचे नाव लावून नांदते. ऑनलाइन मागवलेल्या मालाला आणखी एक योग असतो. पुणे जिल्ह्यात दुसरे महाळुंगे आहे, मुळशी तालुक्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळ. पत्ता अर्धवट लिहिणाऱ्याचा माल आधी तिकडचे दर्शन घेऊन येतो.

वस्तू घरात आली की तिच्या सोयीने घर चालू लागते. एअर फ्रायर साधारण १,५०० वॉटचा. भिंतीतला लहान पॉईंट सहा अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट पेलणारा. मोठा पॉईंट खोलीत एकच आणि त्यावर पाणी तापवायचा हीटर. म्हणून अंघोळ आणि नाश्ता यांचे वेळापत्रक भिंतीवर लागते. ते मोडले की एमसीबी पडतो, घरमालक जिना उतरून येतो आणि सबमीटरकडे बोट दाखवून गप्प उभा राहतो. त्याची गप्प उभे राहण्याची पद्धत फार परिणामकारक असते.

त्यातून गुरुवार. औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि महावितरण दुरुस्तीची कामेही त्याच दिवशी काढते. परिणामी माणूस घरी असतो तेव्हा वीज नसते आणि वीज असते तेव्हा माणूस शिफ्टला असतो. वस्तूंना मात्र दोन्ही वेळी विश्रांती मिळते.

स्मार्ट घड्याळाची कथा याहून करुण. ते पावले मोजते. पण गाडीच्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून लाइनवर घड्याळ, अंगठी, कडे यांना बंदी असते. आठ तास कामगार चालतो आणि घड्याळ लॉकरमध्ये बसते. रात्री खोलीवर आल्यावर ते त्याला बैठ्या जीवनशैलीचे दुष्परिणाम समजावून सांगते.

प्रत्यक्ष वापर पहिल्या आठवड्यात सर्वाधिक होतो. एअर फ्रायरमध्ये बटाट्याचे काप होतात, मग पापड, मग कोणाच्या तरी आग्रहाने चकली. मराठवाड्यातून आलेल्या सासूबाई एक चकली उचलून पाहतात. “अगं, याला तळण म्हणायचं, तर उपासाला काय म्हणायचं?” सूनबाई कढई बाहेर काढते. एअर फ्रायर कपाटावर जातो आणि त्यावर क्रोशाचा रुमाल पडतो.

खोके मात्र कोणी टाकत नाही. थर्माकोल, प्लास्टिकची पिशवी, वॉरंटी कार्ड, सगळे जसेच्या तसे माळ्यावर चढते. यामागे शास्त्र आहे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि घरातला तिसरा मिक्सर आहेर म्हणून गावी रवाना होतो. हप्त्यांवरचा टीव्ही असा पाठवता येत नाही, कारण त्याचे बारा हप्ते पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतात. आहेर बांधताना खोक्यावरचे स्टिकर काढणे आवश्यक असते. घाईत ते राहिले, तर नवदांपत्याला मामांच्या आहेरासोबत ‘व्यवस्थापन आणि एचआर विभागातर्फे हार्दिक शुभेच्छा’ पोचतात.